मलमपट्टी करणारीच्या हाती गदा

मैत्रिणींनो, आपली सांगली म्हणजे बुद्धिबळाचं गाव. भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे इथल्याच. शेजारचं मिरज दवाखान्यांचं. 1894 मध्ये डॉ. वानलेस यांनी तिथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं. लढाई आणि उपचार दोन्ही एकाच डावात आणणारा एक खेळ मात्र अमेरिकेतून आलाय. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ त्याचं नाव. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो काढला. आता आपल्याकडची कॉलेजातली मुलंमुलीही तो खेळतात.

चार-पाच जणी टेबलाभोवती बसतात. एकजण गोष्ट रंगवून सांगते, बाकीच्या त्यातली पात्रं होतात. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. घाव लागला की नेम चुकला, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. आणि सगळ्यांच्या जखमा भरते ती ‘क्लेरिक’.

माझी पुतणी सांगत होती, ‘‘काकू, तलवार सगळ्यांनाच हवी असते. मलमपट्टीचं काम जी गप्प बसते तिच्या गळ्यात पडतं.’’ ऐकून हसूच आलं. आपल्याला हे काय नवीन आहे?

पहिल्या खेळात तिनं सगळ्या विद्या उपचाराच्याच घेतल्या. राक्षसांनी आधी तिलाच गाठलं. ती पडली, मग जखमी मैत्रिणींना उठवणार कोण? सगळ्याच हरल्या!

आता ती निवड विचारपूर्वक करते. आधी ढाल आणि चिलखत, कारण आपण उभ्या राहिलो तर दुसऱ्याला उभं करणार. मग ‘हीलिंग वर्ड’ हा मंत्र. हात लावून बरं करणाऱ्या मंत्रानं जखम जास्त भरते, पण त्यातच सगळी संधी खर्च होते. ‘हीलिंग वर्ड’ साठ फुटांवरून चालतो आणि त्याच खेपेला गदाही मारता येते. ‘सँक्चुअरी’ मंत्रानं शत्रूला हल्ला करणं अवघड जातं, मात्र आपण हात उगारला की तो संपतो. म्हणून तो स्वतःवर न वापरता जखमी मैत्रिणीवर टाकायचा. काही मंत्र मन एकाग्र असेपर्यंतच टिकतात, घाव बसला की तुटू शकतात. ते तुटू नयेत म्हणून ‘वॉर कास्टर’ हे कौशल्य घ्यायचं. आणि मंत्रांचा साठा मोजकाच असतो बरं का! तो भरायला आठ तासांची विश्रांती लागते. खेळातसुद्धा झोपेला पर्याय नाही!

सुरुवातीच्या नियमांत क्लेरिकला धारेचं शस्त्र वर्ज्य होतं. गदा, सोटा चालायचा. म्हणजे सेवा करणारीनं निःशस्त्र असावं, असं तेव्हाही कुणी म्हटलं नव्हतं. खऱ्या युद्धातही तसंच आहे. 1949 च्या जिनिव्हा करारानुसार सैन्यातल्या डॉक्टर-परिचारिकांना स्वतःच्या आणि जखमींच्या रक्षणासाठी शस्त्र बाळगता येतं. आपल्या राज्यानंही 2010 मध्ये डॉक्टर, परिचारिकांवरचे हल्ले रोखायला वेगळा कायदा केला. सेवा करणाऱ्यालाही मार बसतो, हे सरकारलाही मान्य करावं लागलं.

रात्री-अपरात्री बाळंतिणीसोबत दवाखान्यात जाणारी आशाताई असो, की घरातल्या आजाऱ्यांचं करणारी आपल्यातली कुणी, सगळ्यांचा भार हिच्यावर. हिची ढाल कोणती, हे मात्र कुणी विचारत नाही. आपणच ठरवायला हवं. स्वतःच्या नावाचं बँकखातं, गाडी चालवता येणं, अडचणीत 112 फिरवायची सवय, स्पष्ट ‘नाही’ म्हणायची हिंमत… आणि पुरेशी झोप. यातलं एक तरी या महिन्यात शिकून घ्या. मुलीलाही शिकवा. दुसऱ्याला सावरायचं तर आधी आपले पाय घट्ट हवेत, नाही का?