पाळी बदलते तेव्हा

वैद्यक आम्ही शिकलेलो नाही; आमची हयात कामगारांत गेली. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस आम्ही करतो, कारण निवासी डॉक्टर हाही पाळीवर राबणारा माणूस आहे, आणि पाळी बदलताना काय बिघडते हे कामगाराइतके कोणास ठाऊक असणार?

एम. बी. बी. एस. झाल्यावर मोठ्या रुग्णालयात काम करीत करीत पुढचे तीन वर्षांचे शिक्षण घेणारा तरुण म्हणजे निवासी डॉक्टर. तो विद्यार्थीही आहे आणि राबणारा हातही. त्याच्या वर वरिष्ठ निवासी, त्यांच्यावर प्राध्यापक, अशी उतरंड असते. रात्री रोग्यापाशी मात्र बहुधा सर्वांत धाकटाच उभा असतो.

समजा, आंबेगावच्या डोंगराकडील एका बाईला भातलावणीत घोणस चावली. घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष टोचून तिला पुण्यास ससूनमध्ये धाडले. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासे होते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून दंश केव्हा झाला, प्रतिविषाच्या किती कुप्या दिल्या, लघवी किती झाली, हे प्रत्येक पुढच्या डॉक्टरास कळलेच पाहिजे. रात्रीच्या डॉक्टराने सकाळच्यास "बाई बरी आहे" एवढेच सांगितले, तर लघवी कमी होत आहे इकडे लक्ष कोणाचे जाणार? येथे ज्ञान कमी पडले नाही. निरोप कमी पडला.

यावर उपाय आहे. अमेरिका व कॅनडातील नऊ रुग्णालयांत निवासी डॉक्टरांना पाळी सोपविण्याची ठराविक रीत शिकविली: दुखणे किती गंभीर, थोडक्यात हकीकत, राहिलेली कामे, काय बिघडू शकेल, आणि शेवटी घेणाऱ्याने ऐकलेले परत म्हणून दाखवायचे. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: चुका २३ टक्क्यांनी व टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी घटल्या.

दुसरी गोष्ट देखरेखीची. १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये थकलेल्या शिकाऊ डॉक्टरांच्या हाती अठरा वर्षांची एक मुलगी दगावली. वरिष्ठ फक्त फोनवर होते. १९८९ पासून त्या राज्याने आठवड्यास ८० तासांची मर्यादा घातली आणि अनुभवी डॉक्टराची देखरेखही सक्तीची केली. आपल्याकडे केंद्राच्या १९९२ च्या निवासी योजनेत सामान्यतः सलग १२ तास व आठवड्यास ४८ तास असे लिहिले आहे. पण लिहिलेले पाळले जाते की नाही, हे ज्याचे त्याला विचारावे.

तास कमी केले की पाळ्या वाढतात, आणि पाळ्या वाढल्या की निरोप द्यावयाचे प्रसंगही वाढतात. म्हणून नुसत्या तासांची मागणी अपुरी आहे. अडल्यावर वरिष्ठास रात्री दोन वाजता उठविण्याचा हक्क धाकट्याला असला पाहिजे. उठविले म्हणून जो वरिष्ठ डाफरतो, तो पुढच्या खेपेस धाकट्याचे तोंड बंद करतो, आणि त्याची किंमत रोगी मोजतो.

२०२० च्या नियमाने या विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवरील रुग्णालयात काम करणे आवश्यक झाले आहे. ही चांगली संधी आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्याची अडचण चिठ्ठी वाचणाऱ्यास तेथे कळेल. मात्र तेथेही पाठीशी वडीलधारा हवा.

आपणही एवढे करावे. जुन्नर-आंबेगावहून रोगी नेताना वेळ नोंदलेली चिठ्ठी जवळ ठेवावी, आणि धाकट्या डॉक्टराच्या अंगावर धावून न जाता शांतपणे विचारावे, "यांचे वरिष्ठ कोण?" हा प्रश्न त्या तरुणाच्या विरुद्ध नाही, त्याच्याच बाजूचा आहे.