काड्यापेट्यांचे घर आणि धरणीकंप

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छची भूमी हादरली, तेव्हा अंजार गावातील शाळकरी मुले प्रजासत्ताक दिनाच्या मिरवणुकीत चालली होती. अरुंद गल्लीच्या दोहों बाजूंची घरे त्यांच्या अंगावर कोसळली. भूकंपाने माणसे मेली असे आपण सहज म्हणून जातो. वस्तुतः बहुतेकांचा जीव जातो तो ढासळणाऱ्या भिंतींखाली. हा भेद तिसरी-चौथीतल्या मुलांनाही उमगतो, आणि तो उमगण्यास व्याख्यानापेक्षा रिकाम्या काड्यापेट्या अधिक उपयोगी पडतात.

एक लाकडी फळी सात-आठ गोट्यांवर ठेवली की हलती जमीन तयार झाली. तिच्यावर काड्यापेट्या विटांप्रमाणे रचून, सांध्यांत ओल्या मातीचा लेप देऊन, दार-खिडकीची जागा सोडून मुलांनी चार भिंती उभाराव्यात. वर पुठ्ठ्याचे छप्पर व त्यावर वाळूची पुरचुंडी. ही पुरचुंडी विसरू नये. खेळण्यातले घर हलके म्हणूनच बचावते आणि मुलांची फसगत होते. आता फळीला आडवे झटके द्यावेत. बहुधा आधी कोपरे उकलतात, मग एखादी भिंत बाहेर पडते आणि छप्पर खाली बसते.

किल्लारी परिसरात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हेच घडले. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवदाचे मातीचे थर. हजारो माणसे गाडली गेली. काही घरांत लाकडी खांब व तुळया उभ्याच राहिल्या, भिंती मात्र ढासळल्या.

मुलांनी घर पुन्हा बांधावे. या वेळी दार-खिडक्यांच्या लगेच वरून जाड कागदाची सलग पट्टी चारही भिंतींना गोंदाने चिकटवावी. मघाचेच झटके दिले तरी भिंती आता एकमेकींना धरून राहतात. खऱ्या घरात हे काम लोखंडी सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा करतो. दगडी भिंतीत त्याच्या जोडीला दोन्ही अंगांना पोचणारे लांब दगडही हवेत, नाहीतर भिंत मधूनच फाकते. एकंदर खर्चात या पट्ट्याचा वाटा थोडा असतो; तो गाळला जातो तो बहुधा अज्ञानामुळे.

उंच इमारतींसाठी साहित्य निराळे. मध्य प्रदेशातील होशंगाबादला १९७२ साली सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या जोडून नाना आकृती करून दाखविल्या. (आगकाड्यांचे गूल आधी खरवडून टाकावे, आणि ब्लेड गुरुजींनी आपल्याच हाती ठेवावे.) असा चौकोन बोटाने ढकलताच कलतो, त्रिकोण मात्र हटत नाही. मग दोन मजल्यांचा सांगाडा करून फक्त वरच्या मजल्याच्या चौकोनांत तिरप्या काड्या बसवाव्यात व तो हलवावा. वरचा मजला ताठ राहतो, खालचा मुरगळतो. कच्छपासून कितीतरी दूर असलेल्या अहमदाबादेत २००१ साली अनेक बहुमजली इमारती पडल्या. त्यांतील कित्येकींचा तळमजला वाहनांसाठी मोकळा, नुसत्या खांबांवर उभा होता.

दुसऱ्या दिवशी मुलांनी आपापल्या इमारतीचा तळमजला पाहून यावा: भिंती किती, नुसते खांब किती. मुलांच्या प्रश्नांनी घरातील वडीलधाऱ्यांनी मात्र रागावू नये.