एक मासा, दोन रूपे

आपल्या धामणगाव बढ्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. मासा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे येतात ते धरण-तळ्यांतले रोहू आणि कटला. त्यांची पिले लहान असली तरी रूपाने बरीचशी आईबापांसारखीच असतात. उष्ण कटिबंधातील समुद्रात मात्र सर्वच माशांचे तसे नसते.

लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार बेटांभोवतीच्या प्रवाळखडकांत 'एम्परर एंजलफिश' नावाचा मासा आढळतो. आपण त्याला सम्राट मासा म्हणू. त्याचे पिलू गर्द निळे असते. शांत पाण्यात खडा टाकल्यावर तरंग उठावेत, तशी एकात एक पांढरी वलये त्याच्या अंगावर असतात. प्रौढ माशाच्या अंगावर वलयाचा मागमूसही नसतो. तेथे निळ्या-पिवळ्या आडव्या रेघा, डोळ्यांवर काळा पट्टा आणि पिवळी शेपटी! पिलू साधारण ८ ते १२ सेंटिमीटरचे झाले की हा पालट होऊ लागतो. मधल्या काळात दोन्ही रूपांच्या खुणा एकाच अंगावर दिसतात.

या रूपपालटाने शास्त्रज्ञही चकले. बर्लिनचे वैद्य व मत्स्यशास्त्रज्ञ ब्लॉख यांनी १७८७ साली प्रौढ माशाला 'इम्पेरेटर', म्हणजे सम्राट, असे नाव दिले. त्यांच्या मृत्यूनंतर श्नायडर यांनी १८०१ साली पूर्ण केलेल्या ग्रंथात याच माशाचे पिलू 'निकोबारेन्सिस' या नावाने वेगळी जात म्हणून नोंदले गेले. दूरदेशी संग्रहातील मृत नमुने पाहून मधला दुवा कसा कळावा? पुढे दोन्ही एकच असल्याचे ध्यानी आले आणि नियमाप्रमाणे आधीचे नाव कायम राहिले.

परंतु पिलाला हे वेगळे रूप कशासाठी? प्रौढ सम्राट मासा आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी प्रौढ खपवून घेत नाही. पिलाचा वेष निराळा असल्याने तो त्यास प्रतिस्पर्धी समजत नसावा, आणि म्हणून पिलाला तेथे निर्धास्त वाढता येत असावे, असे मानले जाते. जर्मन संशोधक हान्स फ्रिके यांनी १९८० साली या प्रश्नावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला.

ज्या वेषाने विद्वानांना चकवले, तोच वेष पिलाचे रक्षण करतो. एका क्षणीचे रूप पाहून एखाद्याची जात ठरवू नये, हा धडा कला शाखेच्या आपणा विद्यार्थ्यांनाही उपयोगी पडण्यासारखा आहे.