संवेदकाचा दोष आणि तारेचा दोष : अवजड यंत्रांवरील विद्युत्-निदानासंबंधी काही विचार

नागपूरच्या आसमंतात अवजड यंत्रांना उसंत अशी नाहीच. १९७५ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय याच शहरात असून उमरेड, वणी, चंद्रपूर या भागांतील तिच्या खुल्या खाणींत डंपर व एक्स्कॅव्हेटर रात्रंदिवस राबत असतात. गेल्या दशकात नागपूरची मेट्रो आणि नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग यांच्या उभारणीसाठीही अशी यंत्रे मोठ्या संख्येने या प्रदेशात वावरली. या यंत्रांचे इंजिन व द्रवदाबयंत्रणा आता इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाच्या ताब्यात असते, आणि नियंत्रकाला यंत्राच्या अंतरंगाची वार्ता मिळते ती केवळ संवेदकांकडून, म्हणजे कारखान्यातील भाषेत सेन्सरांकडून. ही वार्ता चुकली म्हणजे धडधाकट यंत्र थांबते, किंवा आजारी यंत्र चालू राहते. यांपैकी दुसरा प्रकार अधिक घातक होय.

बिघाड झाला की नियंत्रक एक दोषसंकेत दाखवितो. एसएई जे-१९३९ या सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत या संकेताचे दोन प्रमुख अंक असतात. पहिला अंक कोणत्या राशीविषयी तक्रार आहे ते सांगतो, उदाहरणार्थ ११० म्हणजे इंजिनच्या शीतकाचे तापमान आणि १०० म्हणजे तेलाचा दाब. दुसरा अंक तक्रारीचे स्वरूप सांगतो : ३ म्हणजे विद्युत्दाब प्रमाणापेक्षा अधिक, ४ म्हणजे उणा. वाचणारा मात्र '११०' पाहताच शीतकाचा संवेदक बिघडला असे समजतो आणि नवा मागवितो. वस्तुतः नियंत्रकाने तसे म्हटलेलेच नसते. आपल्या टोकाशी विद्युत्दाब किती आहे एवढेच त्याला ठाऊक असते. तो दाब संवेदकामुळे बिघडला, तारेमुळे बिघडला, की कनेक्टरातील गंजलेल्या पिनेमुळे, हे त्याला कळण्यास मार्ग नाही. संकेत मंडलाचे नाव घेतो, अपराध्याचे नव्हे.

अपराधी शोधण्याची एक सोपी युक्ती या मंडलाच्या रचनेतच आहे. शीतकाचा संवेदक हा थर्मिस्टर असतो. तापमान वाढले की त्याचा रोध घटतो. नियंत्रक आपल्या ५ व्होल्टांच्या पुरवठ्यातून एका स्थिर रोधकाद्वारे त्याला प्रवाह देतो आणि मधला दाब मोजतो. मंडल तुटले तर दाब ५ व्होल्टांपर्यंत चढतो व संकेत ३ येतो. मंडल लघुपथित झाले तर दाब शून्याकडे जातो व संकेत ४ येतो. आता समजा, ४ हा संकेत आला आहे. संवेदकाचा कनेक्टर सोडवावा. संकेत ४ चा ३ झाला, तर तार व नियंत्रक दोन्ही निर्दोष असून लघुपथ संवेदकात आहे. ४ तसाच राहिला, तर संवेदकाला दोष देण्याचे कारण उरत नाही. तार कोठे तरी सांगाड्याला घासली असली पाहिजे. संकेत ३ असल्यास याच्या उलट करावयाचे : तारेच्या बाजूच्या दोन पिना एकमेकींस जोडाव्या आणि संकेत ४ होतो की नाही ते पाहावे. ही जोडणी फक्त दोन तारांच्या थर्मिस्टरलाच लागू आहे. दाबसंवेदकाला तीन तारा असतात व त्यांपैकी एक ५ व्होल्टांच्या पुरवठ्याची असते. ती जमिनीच्या तारेला जोडणे म्हणजे आपणच नवा दोष निर्माण करणे होय.

हा ५ व्होल्टांचा पुरवठा बहुधा अनेक संवेदकांना सामाईक असतो. त्यामुळे एकाच्या पोटात लघुपथ झाला की त्याच्या सोबतचे सारेच खोटे बोलू लागतात. एकदम चार-पाच संकेत उमटले, तर चार-पाच संवेदक एकाच क्षणी मेले असे मानणे असंभाव्य आहे. अशा वेळी पुरवठ्याचा दाब मोजीत एकेक कनेक्टर सोडवीत जावे. ज्याला सोडविताच दाब पूर्ववत होतो, तोच अपराधी.

कनेक्टर सोडवून पुन्हा बसविण्याच्या क्रियेतच पिना घासून स्वच्छ होतात, आणि मग नव्या संवेदकाला न केलेल्या कामाचे श्रेय मिळते. म्हणून सोडविण्यापूर्वी दाब मोजून टिपून ठेवावा, आणि दोष गेल्यावर जुना संवेदक पुन्हा एकदा लावून पाहावा. दोष परतला नाही, तर जुना निर्दोष होता. हा पाच मिनिटांचा उपद्व्याप फारसा कोणी करीत नाही, याचा खेद वाटतो.

येथवर ज्या दोषांचा विचार केला ते निदान संकेत तरी देतात. संकेत न देणारे दोष अधिक विचारार्ह आहेत. प्रचारात असलेल्या एका जातीच्या थर्मिस्टरचा रोध २० अंश सेल्सिअसला सुमारे २५०० ओहम, ९० अंशांना २४३ आणि १०० अंशांना १८६ असतो. कनेक्टर गंजून मंडलात ५७ ओहमांची भर पडली असे समजू. सकाळी २० अंशांना २५०० चे २५५७ झाले, म्हणजे एका अंशाचाही फरक दिसणार नाही. परंतु इंजिन १०० अंशांवर असता १८६ अधिक ५७ मिळून २४३ होतात, आणि चालकाला ९० अंश दिसतात. खरे तापमान ११० झाले असता त्याला सुमारे ९७ दिसतील. दाब मर्यादेतच असल्यामुळे नियंत्रक अवाक्षर काढणार नाही. मे महिन्यात नागपूरची हवाच ४५ अंशांच्या वर जाते, रेडिएटरला हात राखून काम करण्यास वाव उरत नाही. नेमक्या त्याच दिवसांत ही दहा-तेरा अंशांची फसवणूक इंजिनच्या मुळावर येते.

पावसाळ्यातील दोष याच्या अगदी उलट आहे. या भागातील काळी माती ओली झाली की कनेक्टराभोवती लिंपली जाते, आणि यंत्र धुताना जोराच्या फवाऱ्याने पाणी आत शिरते. मग दोन पिनांमध्ये, समजा, १०,००० ओहमांची गळती निर्माण होते. २० अंशांवरील २५०० ओहम या गळतीला समांतर जोडले जाऊन २००० होतात, म्हणजे वाचन पाच-सहा अंशांनी चढते. मात्र तापलेल्या इंजिनच्या १८६ ओहमांवर या गळतीचा परिणाम जवळजवळ शून्य. सारांश, गंज तापलेल्या यंत्रात खोटे बोलतो आणि ओल थंड यंत्रात. रात्रभर उभ्या असलेल्या यंत्राचे तापमान-संवेदक पहाटे हवेशी जुळवून पाहण्याची रूढ पद्धत ओलीला पकडते. गंजाला पकडीत नाही. त्यासाठी तापलेल्या यंत्रावरच स्वतंत्र तापमापक लावावा लागतो.

संवेदकांना जोडणाऱ्या संदेशवाहिनीची परीक्षा त्या मानाने सुलभ आहे. बॉश या जर्मन कंपनीने १९८६ मध्ये पुढे आणलेल्या कॅन पद्धतीत पिळलेल्या दोन तारांच्या प्रत्येक टोकाला १२० ओहमांचा रोधक असतो. वीजपुरवठा बंद करून दोन तारांमध्ये ६० ओहम आले तर ठीक. १२० आले तर एक टोक निखळले आहे. शून्याजवळ आले तर तारा एकमेकींस चिकटल्या आहेत.

या साऱ्या निदानाला वेळ लागतो, आणि पाळी संपण्यापूर्वी यंत्र चालू करण्याचा तगादा असतो. त्यातून संवेदकाच्या दोन तारा परस्पर जोडून देण्याची प्रवृत्ती फोफावते. डंपरची हौद उचललेली असल्याची सूचना देणारा स्विच असा गप्प केला, तर पुढच्या पाळीच्या चालकाला त्याची वार्ताही नसते. हौद वर ठेवून तो निघाला आणि वाटेत डोक्यावरून विजेच्या तारा गेल्या असल्या, तर काय होईल ते सांगावयास नको.

गंज व ओल यांचे वर दिलेले गणित प्रयोगशाळेतही पडताळता येईल. थर्मिस्टरच्या जागी रोधपेटी जोडावी, १८६ ओहम लावून वाचन टिपावे, मग ५७ ओहम एकसर आणि १०,००० ओहम समांतर जोडून पाहावे, आणि हेच २५०० ओहमांवर पुन्हा करावे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला यास एक दुपार पुरेल.