बलबीर पाशा आणि मंडळी

विरार लोकलच्या दारापाशी, डोक्याच्या थोडं वर, अर्धवट खरवडलेला एक स्टिकर हमखास दिसतो. गुप्तरोग, कमजोरी, शीघ्रपतन. निराश रोग्यांनी एकदा अवश्य भेटावे. खाली मोबाइल नंबर. वसईजवळच्या भुईगावहून बसनं स्टेशन गाठून रोज चर्चगेटच्या दिशेनं जाणाऱ्या माणसानं तो शेकडो वेळा वाचलेला असतो आणि वाचल्याचं कुणालाही सांगितलेलं नसतं. स्टिकरवाल्या 'डॉक्टरा'ची पदवी संशयास्पद असेल, पण गिऱ्हाइकाला कसली धास्ती आहे ते त्याला पक्कं ठाऊक असतं. आरोग्याची अधिकृत यंत्रणा या बाबतीत त्याच्या बरीच मागे होती.

ही धास्ती नवी नाही. संततिनियमनाचे प्रचारक र. धों. कर्वे १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षं 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवत होते. वाचक त्यांना पत्रानं विचारत ते हस्तमैथुनाबद्दल, अशक्तपणाबद्दल, समलिंगी आकर्षणाबद्दल. अशाच पत्रोत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. बचावाला उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. खटला हरले, मासिक मात्र बंद पडलं नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं प्रश्न विचारण्याऐवजी माल पोचवण्यावर भर दिला. १९६८ मध्ये 'निरोध' हा सरकारी कंडोम बाजारात आला, पंधरा पैशांना तीन. चहा, साबण, सिगारेट आणि बॅटरीचे सेल विकणाऱ्या हिंदुस्तान लिव्हर, ब्रुक बाँड, युनियन कार्बाइडसारख्या कंपन्यांच्या गाड्यांतूनच तो खेड्यापाड्यांतल्या दुकानांपर्यंत गेला. 'सोशल मार्केटिंग' ज्याला म्हणतात त्याचा हा जगातल्या पहिल्या मोठ्या प्रयोगांपैकी एक. पण त्याचा रोख होता लोकसंख्येवर. गिऱ्हाइकाच्या मनातली भीती त्यात कुणी विचारातच घेतली नव्हती.

ती विचारात घेतली ती एड्सनं भाग पाडल्यावर. २००१ पासून मुंबईतल्या तीन गरीब वस्त्यांत 'रिश्ता' नावाचा प्रकल्प सुरू झाला. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचे रवी वर्मा आणि अमेरिकेतले मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन शेन्सुल हे त्यातले प्रमुख. पैसा एचआयव्ही रोखण्यासाठी आलेला; वस्तीतले पुरुष मात्र एड्सचं नाव फारसं काढत नव्हते. ते बोलत होते धातू जाण्याबद्दल, कमजोरीबद्दल, लहानपणच्या 'चुकां'मुळे अंगातली ताकद गेल्याबद्दल. या साऱ्याला त्यांचा एकच शब्द होता, गुप्तरोग. असल्या तक्रारी शास्त्रात बसत नाहीत म्हणून संशोधकांनी त्या बाजूला सारल्या असत्या, तर प्रकल्पाचा अहवालही इतर अहवालांसारखा कपाटात गेला असता. त्यांनी उलट केलं. ज्यांना गुप्तरोगाची काळजी होती त्यांच्यातच बाहेरचे संबंध, दारू आणि बायकोला मारहाण यांचं प्रमाण जास्त असल्याचं आकडेवारीतून दिसलं. म्हणजे कमजोरीची तक्रार हाच आत शिरण्याचा दरवाजा होता.

असा पुरुष उपचाराला जातो कुठे? बहुधा गल्लीतल्या आयुर्वेद, युनानी वा होमिओपॅथीवाल्याकडे. म्हणून प्रकल्पानं त्याच डॉक्टरांना प्रशिक्षण दिलं. रोग्याला गोळी देऊन वाटेला लावण्याआधी त्याची हकीगत ऐकायची, आणि तिच्यातूनच संसर्ग, कंडोम, घरातलं वागणं यांवर यायचं. कागदावर हे सोपं दिसतं. पण बाहेर बाकावर दहा जण ताटकळत असताना समोरच्याची पाच मिनिटं ऐकून घेणं हे छोट्या दवाखान्यात अवघडच.

याच सुमारास शहरभर एक प्रश्न झळकला: 'बलबीर पाशा को एड्स होगा क्या?' २००२ च्या अखेरीस 'पॉप्युलेशन सर्व्हिसेस इंटरनॅशनल' या संस्थेनं ही मोहीम काढली, जाहिराती लोव एजन्सीच्या. मागे पाहणी होती: लोकांना एड्स माहीत होता, पण तो आपल्याला होईल असं वाटत नव्हतं. म्हणून बलबीर हे काल्पनिक पात्र. तो स्वतः कधी दिसला नाही. लोक फक्त त्याच्याविषयी बोलत राहिले. तो एरवी कंडोम वापरतो, पण दारू चढली की विसरतो. वेश्यांपैकी तो फक्त मंजुळाकडे जातो, पण मंजुळाकडे तो एकटाच थोडा जातो? नाक्यावरच्या कुचाळकीचा सूर जाहिरातवाल्यांनी अचूक उचलला होता. स्वतःबद्दल जे विचारता येत नाही ते बलबीरबद्दल खुशाल विचारता येत होतं, आणि मोहिमेच्या हेल्पलाइनवर फोन वाढले.

टीकाही झाली, आणि ती गैरलागू नव्हती. साऱ्या गोष्टीत धोक्याचं ठिकाण मंजुळाच. तिला धोका कुणाकडून आहे, हे फलकावर कुठेच नव्हतं.

बायकांच्या बाजूचा पुरावा तर आधीपासून होता. राणी आणि अभय बंग या डॉक्टर दांपत्यानं गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी करून जानेवारी १९८९ च्या 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं: ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, आणि त्याआधी तपासणी झाली होती ती फक्त आठ टक्क्यांची. मुंबईतल्या वस्त्यांत हा धागा पुढे आला तो 'अंगावरून पांढरं जातंय' या तक्रारीतून. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या शुभदा मैत्रा आणि शेन्सुल यांच्या गटाला दिसलं की या तक्रारीमागे अनेकदा जंतुसंसर्ग नसतोच. असतं ते बायकांच्याच शब्दांत 'टेन्शन': नवऱ्याची दारू, मार, नको असलेली जवळीक. अशा बाईला नुसत्या गोळ्यांचं पाकीट देऊन काय साधणार?

मग पुरुषपणालाच हात घालायचं ठरलं. 'पॉप्युलेशन कौन्सिल' आणि मुंबईच्या 'कोरो' या संस्थांनी तरुणांसाठी 'यारी-दोस्ती' हा कार्यक्रम आखला, ब्राझीलच्या एका कार्यक्रमाच्या धर्तीवर. वस्तीतल्या पोरांचे गट, पथनाट्यं, भित्तिचित्रं आणि एक घोषवाक्य: 'सोच सही, मर्द वही'. सोच बदलली की नाही हे मोजायला स्त्री-पुरुष समानतेबद्दलच्या मतांची वेगळी मोजपट्टीही वापरली गेली.

पुढची पायरी शाळा. २००८ मध्ये कोरो, टाटा समाजविज्ञान संस्था आणि 'आयसीआरडब्ल्यू' ही संशोधन संस्था अशा तिघी मुंबई पालिकेच्या शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींपर्यंत गेल्या. त्याच्या आदल्याच वर्षी महाराष्ट्रात केंद्राच्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमावर गदारोळ झाला होता आणि शाळांतलं लैंगिक शिक्षण राज्यानं थांबवलं होतं.