काळं पाणी आणि आइस्क्रीमचा वास

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली आली. तिच्यात १९८४ सालच्या एका वर्तमानपत्राचं पान निघालं. माझी पहिली कथा त्यात छापून आली होती. हळदीत बुडवून काढावं तसं ते पिवळं झालं होतं, आणि घडी उलगडताना एक कोपरा तुटून माझ्या हातात आला. नातीनं पान नाकाशी नेलं आणि म्हणाली, "आजोबा, ह्याला आइस्क्रीमचा वास येतोय."

सगळे हसले. पण मुलीचं नाक बरोबर होतं.

लाकूड म्हणजे निसर्गाचं आर.सी.सी. बांधकाम समजा. त्यातल्या सळया सेल्युलोजच्या आणि त्यांना धरून ठेवणारं सिमेंट लिग्निनचं. शेवग्याची शेंग चावून झाल्यावर ताटात जो चोथा उरतो, जून भेंडी सुरीला दाद देत नाही, नारळाची करवंटी फुटता फुटत नाही, ही सगळी लिग्निनची करामत. 'लिग्नम' म्हणजे लॅटिनमध्ये लाकूड. त्यावरून द कॅन्डोल या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानं १८१३ साली हे नाव दिलं. वर्तमानपत्राचा कागद स्वस्त असावा म्हणून त्यातलं लिग्निन बरंचसं तसंच ठेवतात. ऊन आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, हळूहळू मोडतं, आणि मोडताना किंचित व्हॅनिलिन सोडतं. व्हॅनिला आइस्क्रीमचा वास याच व्हॅनिलिनचा.

चांगला पांढरा कागद हवा तर लिग्निन काढावंच लागतं. लाकूड किंवा काड कॉस्टिक सोड्यात शिजवलं की ते विरघळतं आणि काळं पाणी उरतं. मोठे कारखाने हे पाणी आटवून बॉयलरमध्ये जाळतात. वाफ मिळते, वीज मिळते, सोडाही परत मिळतो. लहान कारखान्याला तसला बॉयलर परवडत नाही, शिवाय गव्हाच्या काडात सिलिका असते, ती यंत्रात थर धरते.

हे मला १९८९ साली ठाऊक असायला हवं होतं. मी तेव्हा एका तालुक्याच्या शाखेत फील्ड ऑफिसर होतो. काडापासून कागद करणाऱ्या एका छोट्या कारखान्याचा कर्जाचा प्रस्ताव आला. यंत्रांची कोटेशनं, तारण, नफ्याचे आकडे, सगळं मी बारकाईनं तपासलं. 'सांडपाण्याची विल्हेवाट' या मथळ्याखाली अडीच ओळी होत्या. त्या वाचल्या आणि पान उलटलं. शिफारशीखाली सही माझी.

दोन वर्षांनी एक शेतकरी शाखेत आला आणि त्यानं माझ्या टेबलावर एक बाटली ठेवली. "साहेब, च्या न्हाई ह्यो. माझ्या हिरीचं पानी हाय." ती विहीर आमच्याच कर्जातून खणलेली, मोटारही आमच्याच कर्जाची. कारखान्याचे हप्ते तारखेला येत होते आणि विहिरीचं खातं थकलं होतं. नोटीस कुणाला गेली हे सांगायला नको. तिच्यावरही सही माझीच.

त्या पाण्यात माल होता, हे मात्र मला निवृत्तीनंतर वाचताना कळलं. १९३०च्या दशकातच अमेरिकेत आणि कॅनडात लगद्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्यातून व्हॅनिलिन काढू लागले होते. १९८१ साली जगातलं सुमारे साठ टक्के व्हॅनिलिन ऑन्टारिओतल्या एकाच कारखान्यातून येत असे. पुढे पेट्रोलियमपासूनचं व्हॅनिलिन स्वस्त पडू लागलं. लाकडापासूनच्या प्रक्रियेत सांडपाणीही अफाट उरायचं. तो कारखाना १९८७ साली बंद झाला. नॉर्वेतली बोरेगार्ड कंपनी मात्र अजून स्प्रूसच्या लाकडापासून व्हॅनिलिन करते. लिग्निनचंच एक रूप काँक्रीटमध्येही घालतात, त्यामुळे कमी पाण्यात काँक्रीट ओलं, सैल राहतं. झाडाचं सिमेंट शेवटी आपल्या सिमेंटच्या कामी आलं म्हणायचं!

काळ्या पाण्यातून लिग्निन वेगळं काढण्याची एक रीत स्वीडनमध्ये विकसित झाली. पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडला की अल्कलीचा जोर उतरतो आणि लिग्निन साक्यासारखं खाली बसतं. मग गाळायचं, आम्लाच्या पाण्यानं धुवायचं. हाती येते तपकिरी भुकटी. अमेरिकेत २०१३ साली आणि फिनलंडमध्ये २०१५ साली ही रीत कारखान्यात चालू झाली. प्लायवुडच्या डिंकात महागड्या फिनॉलऐवजी काही भाग ही भुकटी चालते. बॅटरीसाठी तिचा कार्बन करण्याचेही प्रयत्न आहेत.

खरी अडचण पुढेच. सेल्युलोज म्हणजे एकाच मण्याची शिस्तशीर माळ. लिग्निनमध्ये तीन जातींचे मणी, कसेही कुठेही गुंतलेले. तोडायला जावं तर तुटलेले तुकडे पुन्हा एकमेकांना चिकटतात, आणि ते आधीपेक्षा घट्ट. थकबाकीदार एक खातं बुडवून मेहुण्याच्या नावानं दुसरं उघडतो, तसं. नेमकी हवी ती गाठ सोडवणारे उत्प्रेरक शोधण्याचं काम जगभर चालू आहे, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही झालं आहे. लिग्निनपासून पैसा सोडून काहीही करता येतं, असा या धंद्यात जुना विनोद आहे. बँकेत आयुष्य घालवलेल्याला त्यातलं गणित लगेच कळतं. जाळून मिळणाऱ्या वाफेपेक्षा जास्त दाम मिळाला, तरच कुणी ते काढणार. आपल्या साखर कारखान्यांचं बगॅसही त्याच हिशेबानं बॉयलरमध्ये जातं.

पण माझ्या कारखान्यात ते जळतही नव्हतं. ओढ्याला जात होतं.

नातीनं विचारलं, "मग त्या काकांच्या पाण्यालाही आइस्क्रीमचा वास यायचा?" नाही, बाळ. बाटलीचं बूच मी उघडलं होतं. कुजक्या गवताचा आणि सोड्याचा वास होता. शेतकरी बाटली तिथेच ठेवून गेला. संध्याकाळी शिपायानं ती मोरीत ओतली. शहाबादी फरशीवर तपकिरी डाग पडला, तो माझी बदली होईपर्यंत निघाला नव्हता.