रापी, आरी आणि सोल्यूशनचा डबा

चामड्याचे काम पहिल्यांदा हातात घेणारा माणूस घाबरतो तो पात्याला. बोट कापेल, आरी तळहातात घुसेल ही भीती खोटी नाही. पण अशी जखम दिसते, दुखते आणि पुढच्या वेळी माणूस आपोआप सावध होतो. किल्ल्यांची पट्टी, कार्ड ठेवायचे छोटे पाकीट, नंतर कमरेचा पट्टा अशा क्रमाने हा छंद शिकणाऱ्याला जास्त जपावे लागते ते न दिसणाऱ्या गोष्टींना. चिकटवण्याच्या सोल्यूशनची वाफ, कडा घासताना उडणारी धूळ आणि कातडे कमावताना त्यात मुरलेली रसायने या त्या गोष्टी.

‘कमावणे’ म्हणजे नेमके काय, हे कळले की निम्मी निवड सोपी होते. जनावराच्या कातडीत मुख्यतः कोलॅजन हे प्रथिन असते. तीन पेडांच्या वेणीसारखी त्याची रचना जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ मध्ये मद्रास विद्यापीठात मांडली. ओली कातडी तशीच ठेवली तर सडते आणि साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला तापवली की आक्रसून जाते. कमावताना या धाग्यांच्या मध्ये टॅनिन किंवा क्रोमियमचे क्षार जाऊन बसतात आणि रचना घट्ट बांधतात. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींच्या टॅनिनने कमावलेले चामडे ७० ते ८५ अंशांपर्यंत टिकते, तर क्रोमियमचे चामडे १०० अंशांच्या आसपासही तग धरते. क्रोमियमने कमावण्याचे काम झटपट होते आणि चामडे मऊ राहते. जगातले बहुतांश चामडे आज तसेच कमावले जाते.

नवशिक्याला मात्र पहिल्या कामांसाठी वनस्पतीने कमावलेले, साधारण दोन मिलिमीटर जाडीचे चामडे बरे. ओलसर करून दाबले की त्यावर ठसा उमटतो आणि वाळल्यावर तसाच राहतो. त्याची कड घासून चकचकीत करता येते. क्रोमियमच्या चामड्यावर ठसा नीट टिकत नाही, कडही विस्कटते. ओळखायचे कसे? कापलेली कड पाहावी. आत निळसर-राखाडी छटा असेल तर बहुधा क्रोमियम, सगळीकडे तपकिरी असेल तर बहुधा वनस्पती. आरपार रंगवलेल्या चामड्यात मात्र ही खूण फसते. काही जण तुकडा जाळून राखेचा रंग पाहतात. तो प्रयोग घरात करू नये. चामड्यातले क्रोमियम सहसा त्रिसंयुजी, तुलनेने निरुपद्रवी रूपात असते. जाळल्यावर त्यातून षट्संयुजी क्रोमियम तयार होऊ शकते आणि ते कर्करोगकारक आहे. त्वचेवर खाज आणि पुरळ आणणारी क्रोमियमची ॲलर्जीही मुख्यतः याच रूपाशी जोडलेली आहे. युरोपीय संघाने मे २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत त्याचे प्रमाण किलोमागे तीन मिलिग्रॅमच्या आत असावे, असे बंधन घातले आहे. काम करताना हातावर किंवा पट्ट्याखाली कमरेवर वारंवार पुरळ येत असेल तर मलम बदलत बसण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्यावी. दोषी कधी क्रोमियम निघते, तर कधी चिकटद्रव्यातले राळेसारखे घटक.

या चिकटद्रव्यांचा इतिहास फार बोलका आहे. जपानमध्ये १९६० च्या दशकात घरगुती उद्योगात सँडल बनवणाऱ्यांचे हातपाय बधिर आणि अशक्त होऊ लागले. कारण होते गोंदातले एन-हेक्झेन. शरीरात त्याचे रूपांतर मज्जातंतूंना इजा करणाऱ्या पदार्थात होते. इस्तंबूलमध्ये चपला-बूट करणाऱ्यांना होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचा माग रक्तविकारतज्ज्ञ मुझफ्फर अक्सॉय यांनी १९७० च्या दशकात काढला, तो चिकटद्रव्यातल्या बेंझीनपर्यंत पोचला. आठवड्यातून एकदा पाकीट चिकटवणाऱ्याची गत तशी होईल असे नव्हे. ते कारागीर रोज तासन् तास त्या वाफेत बसत. पण बंद, वातानुकूलित खोलीत झाकण उघडे टाकून काम केले तर डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे एका संध्याकाळीही अनुभवता येते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते. असे काम जमिनीवर बसून करण्याची सवय असते आणि टोल्युइन, हेक्झेन यांची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली साचते. ती पेटही घेते. शिवण झाली की पॉलिस्टरच्या दोऱ्याचे टोक लायटरने वितळवतात. बाजूला सोल्यूशनचा डबा उघडा असेल तर हा धोका गंभीर आहे. आधी झाकण, मग हवा खेळू देणे, मगच लायटर. कापडी मास्क वाफ अडवत नाही. खिडकी उघडी ठेवून पंखा बाहेरच्या दिशेने लावणे किंवा पाण्यात मिसळणारे चिकटद्रव्य वापरणे जास्त उपयोगी.

धुळीबाबत शंका उरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने चामड्याची धूळ मानवात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहे. पादत्राण उद्योगातील कामगारांत नाकाचा कर्करोग अधिक आढळला, हा त्यामागचा मुख्य आधार. म्हणून कड घासताना ती किंचित ओली करावी, धूळ अडवणारा मास्क लावावा आणि नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे.

पात्याचे नियम थोडे आहेत. बोथट रापीला जोर लागतो आणि जोर लागला की ती घसरते, म्हणून धार जपावी. एका दमात कापू नये, हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरवावी. मोकळा हात कधी पात्याच्या वाटेत नको. आरी टोचताना चामड्यामागे बोट न धरता बुचाचा तुकडा धरावा. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे झाली असतील तर ती आधी घ्यावी. अंगठ्याचे मूळ दुखू लागले किंवा बोटांना मुंग्या आल्या तर थांबावे.

‘लेदर क्राफ्ट’चे महागडे संच आज भेट म्हणून दिले जातात. त्यातले बरेचसे ज्ञान ज्या चर्मकार आणि ढोर समाजाकडे पिढ्यान् पिढ्या होते, त्यांना याच कामापायी अस्पृश्य ठरवले गेले, हे विसरता येण्याजोगे नाही. त्यांच्या हातचे काम नवशिक्याने बघण्यासारखे आहे. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल पारंपरिक पद्धतीत वनस्पतीने कमावलेल्या चामड्याची असते आणि खिळा न ठोकता चामड्याच्या वादीनेच शिवली जाते. पहिल्या पाकिटालाही सोल्यूशन लागतेच असे नाही. कडा कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवाव्यात, समान अंतरावर भोके पाडावीत आणि मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवून प्रत्येक भोकातून दोन्हीकडून टाका घ्यावा. यात एक टाका तुटला तरी उरलेली शिवण उसवत जात नाही.